पेसेस परीक्षेच्या तयारीचा वीकेंड कोर्स: जांभया देणारे एक्झामिनर मस्त, बाकी आनंद

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले अडीच फक्त रविवारच्या दुपारचे. उरलेल्या दीड दिवसाला जो एक स्टार दिलाय तोही पेशंट मंडळी फार गोड होती म्हणून, कोर्सवाल्यांनी त्याचं क्रेडिट घेऊ नये. नाव लिहीत नाहीये कारण निम्मा रिव्ह्यू तक्रारीचा आहे आणि मला परत त्यांच्या ईमेल नकोत. इंग्लंडात मिडलँड्स भागात एका हॉस्पिटलच्या ओपीडी विंगमध्ये शनिवार-रविवार भरतो एवढं पुरे.

ज्यांना पेसेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (आमच्या आईला अजून वाटतं की एमडी झाल्यावर परीक्षा संपतात, तिच्यासाठी पण): एमआरसीपी युके या फिजिशियन लोकांच्या ब्रिटिश परीक्षेचा हा पेशंटसमोरचा प्रॅक्टिकल टप्पा, 2001 पासून या नावाने चालू आहे, 2023 मध्ये फॉरमॅट बदलला. पाच स्टेशन, प्रत्येकी 20 मिनिटं, मध्ये 5-5 मिनिटांची गॅप. काही ठिकाणी पेशंट तपासायचा, काही ठिकाणी बोलायचं, काही ठिकाणी दोन्ही. दर स्टेशनला दोन एक्झामिनर, म्हणजे दोन तासांत दहा अनोळखी चेहरे तुमच्याकडे बघत बसणार. नुसतं तपासायचं असेल तिथे 10 मिनिटं, त्यातली 6 पेशंटची आणि 4 प्रश्नांची. सहामधलं शेवटचं मिनिट उरलं की एक जण हळूच सांगतो "वन मिनिट लेफ्ट" आणि तेवढ्यानेच अर्ध्या लोकांच्या हातातला स्टेथो सुटतो.

अभ्यास सगळ्यांचाच झालेला असतो हो. इथे बसणारे बरेचसे लोक आपापल्या देशात एमडी करून आलेले, वॉर्ड चालवणारे, रात्री तीन वाजता कार्डिअॅक अरेस्टला पळणारे. पण समोरच्या माणसाने जरा कपाळाला आठी घातली की याच लोकांची ततपप सुरू होते. मी कोर्स लावला तो या एकाच कारणासाठी, कारण ब्रोशरमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी दुपारी 'डिस्ट्रॅक्शन सर्किट' असेल, एक्झामिनर मुद्दाम त्रास देतील. म्हटलं हे भारी आहे, एरवी ज्याला आपण फुकट घाबरतो त्याचे इथे पैसे द्यायचे.

शनिवारबद्दल फार लिहीत नाही. ग्रुपमध्ये चार जण असतील म्हणाले होते, निघाले सात, म्हणजे एका पेशंटच्या पोटावर चौदा हात, त्या बिचाऱ्या आजोबांनी शेवटी विचारलं की अजून किती बाकी आहेत. सकाळी लेक्चर झालं ते कुठल्याही पुस्तकात आहे तेच, क्लबिंगची (बोटांची टोकं फुगतात त्याची) कारणं वगैरे, स्लाइडवर इतकी बारीक अक्षरं की मागच्या रांगेतल्यांनी सरळ मोबाईल काढले. जेवायला थंड सँडविच, व्हेज मागितलेल्यांना चीज आणि काकडी. पार्किंगचे पैसे वेगळे. कम्युनिकेशनचं सेशन बरं होतं पण घाईत उरकलं. फी साडेसहाशे पौंड, स्टडी बजेटमधून मिळत असेल तर ठीक, खिशातून असेल तर पुढचं नीट वाचा.

रविवारी दुपारी पाच खोल्या. प्रत्येक खोलीत खरा पेशंट आणि दोन एक्झामिनर, त्यातले काही नुकते पास झालेले रजिस्ट्रार, आणि दोघे-तिघे रिटायर्ड कन्सल्टंट (सीनियर डॉक्टर) ज्यांनी म्हणे वर्षानुवर्षं खरी पेसेस घेतलीये. प्रत्येक एक्झामिनरला एक कार्ड दिलेलं, त्यावर त्याने काय आगाऊपणा करायचा ते लिहिलेलं. आपल्याला माहीत असतं की हे नाटक आहे. तरी घशाला कोरड पडते, हे मला स्वतःला अजून नवल वाटतं.

पहिल्या खोलीत एक मॅडम जांभया देत होत्या आणि शेजारचे पेन टकटक करत होते. पेशंटच्या छातीवर मधोमध ऑपरेशनची खूण आणि झडप मेकॅनिकल, तिचा क्लिक स्टेथोशिवाय ऐकू येत होता, म्हणजे केस सोपी, पण पेनची टकटक आणि झडपेची टकटक यातली नाडीबरोबरची कुठली हे कळायला मला मानेवर बोट ठेवून उभं राहायला लागलं. नंतर समजलं की पेनवाल्यांनी ते मुद्दाम झडपेच्या थोडं मागेपुढे चालवलं होतं. दुष्ट माणूस, पण कल्पक. दुसऱ्या खोलीत मी पहिलं वाक्य बोलायच्या आधीच एक जण खाली मान घालून भराभरा लिहायला लागले आणि शेवटपर्यंत वर बघितलंच नाही. तिसरीत दोघं कुजबुजून हसले. हे सगळं चालून जातं, दोनदा झालं की सवय होते.

चौथ्या खोलीत जे झालं त्यासाठी हा कोर्स. कार्डावर एकच शब्द होता, "शुअर?". आमच्या ग्रुपमध्ये लातूरचा एक जण होता, हुशार पोरगा, आदल्या दिवसापासून आम्ही दोघं मराठीत कुरकुर करत होतो. त्याला पोटाची केस. पेशंटच्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर), उजव्या बाजूला खाली ऑपरेशनची हॉकी स्टिकसारखी खूण, तिथे हाताला लागणारी नवी किडनी, आणि वर दोन्ही बाजूंना मोठ्ठ्या गाठाळ किडन्या. त्याने अगदी सुरेख सांगितलं, पॉलिसिस्टिक किडनी, ट्रान्सप्लांट झालेला, आता चालू दिसतोय. समोरचे म्हातारे कन्सल्टंट भुवई वर करून म्हणाले, "शुअर?" हा म्हणाला, हो. परत "शुअर?" आणि मग थोडी शांतता. आणि आमच्या डोळ्यांदेखत हा माणूस म्हणाला की डावीकडची बहुतेक स्प्लीन (प्लीहा) असेल.

ते कन्सल्टंट रागावले नाहीत, हसले पण नाहीत. फक्त विचारलं की तुझ्या हाताला काय लागलं होतं? तो म्हणाला, सर, मागून ढकलल्यावर पुढच्या हाताला लागत होती, वरून बोटं घालता येत होती, ठोकल्यावर पोकळ आवाज येत होता. म्हणजे सगळी किडनीचीच लक्षणं, स्प्लीनच्या वर बोटं जातच नाहीत. मग ते म्हणाले (माझ्या शब्दांत सांगते) की मी तुला पोटाबद्दल नवीन काहीच सांगितलं नाही, फक्त भुवई हलवली, आणि तू माझ्या भुवईवरून पेशंटचा अवयव बदललास. खोलीत पिनड्रॉप. लातूरकर बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, आपल्याकडं सरांनी शुअर विचारलं की चूकच असतंय ओ, अंगवळणी पडलंय." आणि खरंय ते. आपल्याकडे वॉर्डात "नक्की?" हा प्रश्न नसतोच, तो निकाल असतो.

पाचव्या खोलीतल्या दोघांनी काहीच केलं नाही. खरंच काहीच नाही. हसणं नाही, मान हलवणं नाही, लिहिणं नाही. मुलगी बघायला आलेले पाहुणे कसे पोहे खाऊन ताकास तूर लागू न देता "कळवतो" म्हणून निघून जातात, तसे. मला हीच खोली सगळ्यात जड गेली. बोलता बोलता आपण त्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी "बरोबर" शोधत राहतो आणि ते मिळालं नाही की उगाच जास्त बोलतो, आणि जास्त बोललं की त्यातून नको ते निघतं, मग त्यावर प्रश्न येतात.

त्यानंतर तासभर डिब्रीफ, म्हणजे झालेल्या सगळ्यावर चर्चा, आणि माझ्या मते साडेसहाशेपैकी पाचशे पौंड त्या तासाचे. प्रत्येक वागण्यामागे खरं कारण काय असतं ते त्यांनी सांगितलं. जांभई का येते? कारण एका राउंडला पाच उमेदवार असतात, असे दिवसाला दोन-तीन राउंड, आणि एक्झामिनरने सुरुवातीलाच तोच पेशंट स्वतः तपासलेला असतो. हे मला नीट माहीत नव्हतं: परीक्षा सुरू व्हायच्या आधी दोघे एक्झामिनर पेशंट बघतात आणि काय सापडायला हवं, किती सांगितलं की पुरे, हे ठरवून घेतात. त्यामुळे त्यांना उत्तर आधीच माहीत आहे, तुमच्या तोंडून तोच मर्मर (हृदयाचा जादा आवाज) कितव्यांदा तरी ऐकताना जांभई येणारच. भराभरा लिहितात कारण मार्क वेगवेगळ्या स्किलचे द्यायचे असतात, एकूण सात, तपासणीची पद्धत, सापडलेली लक्षणं, बोलणं, निदान, पुढचा निर्णय, पेशंटच्या शंका आणि पेशंटची काळजी, आणि ज्यात कमी द्यायचे त्यात कारण पण लिहायला लागतं. दोघं स्वतंत्र मार्क देतात. एकाने तोंड वाकडं केलं तरी दुसऱ्याच्या कागदावर काय आहे ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि पुढच्या स्टेशनवाल्यांना तुमचं मागे काय झालं याचा पत्ताच नसतो.

आणि हो, कडक आणि मऊ एक्झामिनर असतात हे थोतांड नाही. तिथे ससाणा आणि कबुतर म्हणतात, हॉक आणि डव्ह. 2006 मध्ये पेसेसच्याच मार्कांवर एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात मार्कांमधल्या पद्धतशीर फरकातला साधारण 87 टक्के उमेदवारांमुळे, 12 टक्के एक्झामिनर कडक की मऊ यामुळे आणि 1 टक्का स्टेशनमुळे असं निघालं. म्हणजे नशीब आहे, पण लोक चहाच्या टपरीवर सांगतात तेवढं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कोण ससाणा हे चेहऱ्यावरून कळेलच असं नाही, त्या कन्सल्टंटचं म्हणणं होतं की त्यांच्या ओळखीतले सगळ्यात गोड हसणारे लोक सगळ्यात कमी मार्क देणारे होते.

मग करायचं काय? त्यांनी जे शिकवलं त्यातलं मला जे पटलं ते सांगते. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहिलं की तोंड पेशंटकडे ठेवायचं, एक्झामिनर जिथे असतील तिथे असू देत. तपासताना मध्ये मध्ये पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं, दुखतंय का विचारायचं, याचे तर मार्कच आहेत, आणि प्रत्येक स्किलमध्ये किमान मार्क लागतातच, त्यामुळे एक्झामिनरच्या नादात पोट दाबून आजींना कळवळायला लावलं तर बाकी सगळं बरोबर येऊन सुद्धा वांधे. म्हणजे बघायला एक चेहरा हवाच असेल तर पेशंटचा बघा, त्यावर माहिती तरी असते. "शुअर?" आलं की उत्तरात लक्षण द्यायचं, "हो सर, कारण वरून बोटं घालता येत होती" आणि गप्प बसायचं. खरंच शंका असेल तर तेवढ्याच शांतपणे सांगायचं की हे आणि हे सापडलं, हे नाही सापडलं, म्हणून माझा पहिला विचार हा आणि दुसरा तो. पण भुवई बघून नवीन निदान काढायचं नाही. मधेच तोडलं तर वाक्य पूर्ण करायचा हट्ट नको, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. स्टेथो गळ्यातून काढून दोन्ही हातांनी मागे धरायचा म्हणजे हात थरथरताना दिसत नाहीत, हा सल्ला मला पहिल्यांदा बालिश वाटला होता पण काम करतो.

आता जिथे कोर्स कमी पडला ते. सगळं सर्किट एकाच गृहीतावर उभं आहे की एक्झामिनर मधे बोलला म्हणजे तो अडथळा. पण खऱ्या परीक्षेत बऱ्याचदा तो हात देत असतो! तुम्ही छाती पुढूनच ऐकत बसलात आणि वेळ संपत आला तर एखादा म्हणतो, "मागून बघायचंय का?" याला जर तुम्ही डिस्ट्रॅक्शन समजून दुर्लक्ष केलंत तर संपलं. "शुअर?" आणि "आणखी काय असू शकेल?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याला लक्षण द्यायचं, दुसऱ्याला यादी. हा फरक कार्डांत कुठेच नव्हता, त्याच म्हाताऱ्या कन्सल्टंटनी डिब्रीफच्या शेवटी पाच मिनिटांत सांगितला, तेही कुणीतरी विचारलं म्हणून. ते नसते तर आम्ही सगळे बहिरे व्हायचं ट्रेनिंग घेऊन घरी गेलो असतो.

दुसरं म्हणजे त्रास फारच सभ्य होता. जांभई, पेन, कुजबुज, एवढंच. ज्यांनी महाराष्ट्रात प्रॅक्टिकल दिलीये त्यांना हे ऐकून हसू येईल. आमच्या एमडीच्या वेळी (कॉलेज विचारू नका) एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजच्या) सरांचा फोन लाँग केसच्या (एकच पेशंट सविस्तर सांगायचा त्याच्या) मधोमध वाजला आणि ते परतीच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं का हे विचारत बसले, तेवढ्यात चहा-बिस्किटं आली, इंटर्नल (आमच्याच कॉलेजचे सर) म्हणाले "तू चालू ठेव गं", आणि मी कुणाला उद्देशून बोलतेय हे मला न कळता ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन (गळणारी झडप) पंख्याला सांगत होते. मग फोन ठेवून सर म्हणाले, "हं, निदान?" शिवाय आदल्या रात्रीपासून हॉस्टेलवर बातम्या, की अमुक सर फक्त हेमॅटॉलॉजी विचारतात, तमुक मॅडमना मोठ्याने बोललेलं आवडत नाही, म्हणजे एक्झामिनर समोर यायच्या आधीच डोक्यात येऊन बसलेले. यातला फायदा एकच, तिथे इंटर्नल तुम्हाला तीन वर्षं ओळखत असतात, आणि वॉर्डातला जुना पेशंट कधी कधी स्वतःच कानात सांगतो, "डॉक्टर, माझी झडप अरुंद झालीये, मागच्या वर्षीच्या पोरांनी पण तेच सांगितलं होतं."

याच सगळ्या प्रकाराला वैतागून 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्की नावाची प्रॅक्टिकल परीक्षेची पद्धत मांडली, ठरलेली स्टेशन, ठरलेला वेळ, समोर चेकलिस्ट, म्हणजे एक्झामिनरच्या मूडवर कमी अवलंबून. आता आपल्याकडे एमबीबीएसला पण ऑस्की ओळखीची झालीये. पण चेकलिस्ट हातात असली तरी ती धरणारा माणूसच असतो आणि त्याला जांभई येतेच.

तर कुणी जावं? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची एमडी देणारे कुणी वाचत असाल तर हा तुमच्यासाठी नाही, एवढ्या पौंडात तुमची वर्षभराची मेस निघेल. पेसेस भारतात, कोलकाता-चेन्नईसारख्या सेंटरला देणार असाल तरी फक्त यासाठी इकडे येऊ नका. इथे एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) असाल, ज्ञान ठीक आहे पण समोरच्याच्या चेहऱ्यावर पास-नापास वाचायची खोड असेल, तर जा. ज्यांना लक्षणंच सापडत नाहीत त्यांना रविवारची दुपार उलट त्रासदायक होईल, आधी वॉर्डात पन्नास पोटं तपासा आणि मग बघा.

फुकटात पण निम्मं काम होतं. मी आणि लातूरकर आता वॉर्डात संध्याकाळी हेच करतो, एक जण केस सांगतो, दुसरा नालायकपणा करतो. पेशंटला आधी विचारून आणि समजावून, बरं का, नाहीतर त्यांना वाटतं डॉक्टरला खरंच आपला कंटाळा आलाय. एका आजोबांनी तर आम्हाला मार्क पण दिले. परवा लातूरकराने मी सांगत असताना घरी फोन लावून "भाजी कुठली केलीस" विचारलं, माझा अॅओर्टिक स्टेनोसिस (अरुंद झडपेची केस) ढळला नाही, मध्येच भूक तेवढी लागली.

कोर्सवाल्यांना विचारलं की फक्त रविवार दुपारचं तिकीट देता का, मैत्रिणीला पाठवायचंय. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की नाही, पूर्ण पॅकेजच घ्यायला लागेल, पण मैत्रीण माझं नाव सांगून आली तर दहा टक्के सूट. सँडविचबद्दल काही लिहिलेलं नाही.